बापूचा योद्धा हलेना तेव्हा

मंडळी, जादूच्या जंगलात दोघांनी मिळून लाकडं तोडायची, घर बांधायचं आणि राक्षसांपासून एकमेकांना वाचवायचं, असा एक संगणकावरचा खेळ मी खेळतो. राक्षस पुरेसे भीतिदायक नाहीत, अशी खेळणाऱ्यांची तक्रार असते. माझीही होती.

आज दुपारी माझा जोडीदार बापू बोलता बोलता गप्प झाला. खेळातला त्याचा योद्धा शेकोटीपाशी समाधिस्थ. फोनही उचलेना. बापूचं हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि लवासातल्या त्याच्या इमारतीत दुसरं कुणीच राहत नाही. मी इकडे पुण्याजवळ सूसला, गाडीने तास-दीड तास लांब.

तेवढ्यात खेळात लांडगे आले. मी एका हाताने तलवार चालवत, दुसऱ्याने फोन लावत राहिलो. योद्धा मेला तर बापूही जाईल, असं वाटत होतं. तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही.

अखेर हेडफोनमध्ये आवाज आला. "माकडं हाकलाया गॅलरीत गेलो अन् दार मागनं लागलं, फोन आतच! वरडून वरडून वॉचमनला बोलावला. घराचं कुलूप तोडून आला त्यो. तिकडं खेळात जित्ता हाय का मी?"

"आहेस."

"मेंढरागत राखलंस व्हय मला?"

हसलो खरा. कुलूप तोडावं लागलं, कारण दुसरी किल्ली बापूच्याच कपाटात होती. तुमच्या एकट्या राहणाऱ्या मित्राची किल्ली कुणाकडे असते?