बोगद्यातली कोरडी जागा

कोंडीराम ठोंबरे रेल्वेत चावीवाले होते. रूळ ज्या लोखंडी पाचरींनी जागेवर घट्ट धरलेला असतो, त्या पाचरींना चाव्या म्हणतात. त्या रोज तपासायच्या, सैल झालेली हातोड्यानं ठोकून बसवायची आणि संध्याकाळी वहीत लिहायचं की रूळ ठीक आहे. पळसदरीपासून घाटाकडे तीन मैल जाणं आणि तीन मैल येणं, असं त्यांनी एकतीस वर्षं केलं. कामाबद्दल विचारलं तर सांगायचे, काल होतं तसंच आज आहे का, एवढंच बघायचं असतं.

१९८५ साली ते निवृत्त झाले, तेव्हा बरोबरच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना अंधारात आकडे चमकणारं घड्याळ दिलं. सहा महिने ते घरी बसले. त्यांची नात ठमी कर्जतला माझ्या वर्गात होती. तिच्या फीसाठी आजी, ठकूबाई, शाळेत आली तेव्हा म्हणाली की म्हातारा सकाळी उठून घराच्या खांबांवर हातोडा मारतो, त्याला कुठंतरी कामाला लावा.

काम सापडलं ते माझ्या मुलीमुळे. सुमेधा मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी लागली होती. पळसदरीच्या वर जुन्या मार्गावरचा एक बोगदा कित्येक वर्षं बंद पडून होता. संस्थेनं तो मागून घेतला आणि आत दीडशे पावलांवर लाकडी केबिन उभी केली. तिथं रोज राहून यंत्राकडे बघणारा विश्वासू माणूस हवा होता. मी कोंडीरामभाऊंचं नाव सुचवलं. विश्वासू हा शब्द संस्थेला एका कारणासाठी हवा होता, मला दुसऱ्या. चोवीस वर्षांची मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस त्या बोगद्यात जाणार होती.

ती काय शोधत होती हे मला तिनं अनेकदा सांगितलं, तेव्हा कुठं थोडं कळलं. आकाशगंगा ज्या वेगानं फिरतात तो वेग दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात बसत नाही. तिथं आणखी पुष्कळ काही असलं पाहिजे, आणि ते दिसत नाही. ते बारीक कणांचं बनलेलं असेल तर आपल्यातून, भिंतींतून, डोंगरांतून सतत जात असणार. त्यातला एखादा कण क्वचित एका स्फटिकातल्या अणूला धक्का देईल, अंधुक चमक उठेल, ती मोजायची. उघड्यावर आकाशातून इतर किरणांचा मारा इतका असतो की ही चमक त्यात हरवते, म्हणून डोंगराच्या पोटात जायचं. खडकातूनही थोडे किरण येतात, म्हणून स्फटिकाभोवती शिशाच्या विटांचं घर बांधायचं.

हे सगळं ऐकून मी विचारलं होतं की आत दिवा आहे का. वीज होती, पण पावसाळ्यात घाटात ती जितकी असते तितकीच. यंत्र बॅटऱ्यांवर चाले. माणसांसाठी केबिनीबाहेर टांगलेली गॅसबत्ती होती.

सुमेधाचे सर पहिल्या दिवशी आले आणि त्यांनी कोंडीरामभाऊंना नियम सांगितले, कागदावरही लिहून दिले. चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ आत आणायचं नाही, त्यातून किरण निघतात. बाहेरचा दगड, माती, वीट आणायची नाही. चपला दारात. कोंडीरामभाऊंनी बोगद्याच्या तोंडाशी खिळा ठोकला. रोज त्याला घड्याळ अडकवायचं, साप असेल तर बाजूला व्हावा म्हणून हातोडा तीनदा आपटायचा आणि आत जायचं. दिवसातून तीनदा यंत्रावरचा आकडा वहीत लिहायचा, बॅटऱ्यांचं पाणी बघायचं. दोन वर्षांत त्यांची एकही नोंद चुकली नाही.

मी ही गोष्ट लिहिते आहे ती मात्र एका वेगळ्या सवयीमुळे. यंत्राला दमट हवा चालत नाही, म्हणून केबिनीत वीज असेल तेव्हा दोन मोठे बल्ब जळत आणि कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांच्या पिशव्या असत. कर्जतपासून खोपोलीपर्यंत चार महिने भिंती घाम सोडतात, मीठ पाणी होतं, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. त्या चार महिन्यांत आसपास कुठं कोरडी जागा असेल तर ती हीच. हे कळायला पळसदरीला एक आठवडासुद्धा लागला नाही. सोनुबाईनं भोपळ्याचं बी बांधून दिलं. कुणी रेशनकार्डं दिली, कुणी पापड, कुणी सातबाराचे उतारे. कोंडीरामभाऊंनी शिशाच्या घरामागे फळी ठोकली आणि प्रत्येकाचं गाठोडं नाव लिहून मांडलं. सुमेधाला हे माहीत होतं. बी आणि कागद, त्यानं काय बिघडणार. तिनं स्वतःची प्रमाणपत्रंही तिथंच ठेवली होती.

त्याच फळीवर माझा डबा होता. गॅसबत्तीला मेंटल लागते, म्हणजे ती जाळीची पिशवी, जी एकदा पेटली की पांढरी होते आणि बोट लागलं तरी भुगा होते. भर पावसात पळसदरीला मेंटल कुठं मिळणार, आणि मुलगी आत असताना बत्ती गेली तर, या विचारानं मी दर जूनला शाळा उघडायच्या आधी दोन डझन मेंटल घेऊन बिस्किटाच्या डब्यात घालून कोंडीरामभाऊंकडे देत असे. तुळशीचं लग्न झालं की उरलेल्या मेंटल ते गावात लग्नांच्या बत्त्यांसाठी वाटून टाकत. पुढच्या जूनला मी नवा डबा भरत असे.

१९८८च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी सुमेधा घरी होती. कोंडीरामभाऊ वही द्यायला आले होते आणि ओट्यावर चहा पीत बसले होते. सुमेधानं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर मला आलेख काढून दाखवला. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जूनच्या सुमाराला त्या अदृश्य कणांच्या वाऱ्याला अधिक जोरानं सामोरी जाते, डिसेंबरात कमी. म्हणून जूनकडे चमका थोड्या वाढायला हव्यात, हिवाळ्यात थोड्या उतरायला हव्यात. असं होईल हे परदेशात काही लोकांनी नुकतंच गणितानं मांडलं होतं. आणि तिचे महिन्याचे आकडे तसेच वागत होते. पहिल्या वर्षी चढले, उतरले, आता पुन्हा चढले होते. दोन सप्टेंबरला मुंबईत मोठ्या सभेत ती हे मांडणार होती. ती घाईघाईनं बोलत होती, आणि मी इतकी खूश तिला पूर्वी पाहिली नव्हती.

कोंडीरामभाऊ आत आले, आलेख पाहिला. त्यांनी एवढंच विचारलं की पृथ्वी फिरते ती हळूहळू ना. सुमेधा हसून हो म्हणाली. त्यांनी वही परत मागून घेतली आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकाशी उभे होते. शिपायानं चहा आणून दिला. त्यांनी वही उघडून जूनचं पान दाखवलं.

"बाई, ताई महिन्याचा आकडा मांडते. मी रोजचा लिवतो. ह्यो बघा, सात तारखेला इथं, आठला इथं. मंग महिनाभर तिथंच. गेल्या साली अकरा तारखेला तसंच. पृथ्वी एका दिसात कशी वळंल?"

मला काही उमगेना. तेव्हा ते म्हणाले, "आठ तारखेला तुमचा डबा आत गेला. गेल्या साली अकराला."

मेंटल म्हणजे कापड, मी म्हटलं, त्यानं काय होणार. ते म्हणाले की ते त्यांना ठाऊक नाही, पण हातोडा मारल्याशिवाय चावी सैल आहे का ते कळत नाही. डबा आज बाहेर काढायचा आणि आकडा बघायचा.

मी त्यांना थांबायला सांगितलं. सभा झाल्यावर काढा म्हटलं. दोन वर्षं मुलीनं त्या अंधारात काढली आहेत, तुमचा अंदाज चुकीचा असेल तर उगाच तिचं मन मोडेल. बरोबर असेल तर, हे मी बोलले नाही. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, ऐकलं.

"बाई," ते म्हणाले, "रुळावर मी कधी म्हणालो असतो का, आज गाडी जाऊ द्या, उद्या बघू?"

चहा तसाच ठेवून ते गेले.

पुढचं मला सुमेधाकडून कळलं. ती दुसऱ्या दिवशी बोगद्यात गेली तेव्हा त्यांनी तिला वही दाखवली आणि सांगितलं की फळीवर त्यांच्या स्वतःच्या सामानाचा एक डबा आहे, तोच नडतो आहे असं वाटतं. डबा बाहेर नेला. संध्याकाळपर्यंत आकडा उतरला, ऑगस्टमध्ये, जेव्हा तो वर असायला हवा होता. दुसऱ्या दिवशी डबा आत आणला, आकडा चढला. मग तिनं एक मेंटल स्फटिकाजवळ नेली, तर मोजणी धडाधड धावायला लागली. मेंटल लख्ख जळावी म्हणून तिच्यात थोरियम घालतात आणि त्यातून किरण निघतात, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. डबा शिशाच्या घरामागे होता. तिथं तारांसाठी भोक ठेवलं होतं, म्हणून परिणाम थोडाच दिसत होता, नेमका हवा तेवढा.

सर आले ते संतापून. रखवालदार बदला म्हणाले. सुमेधानं त्यांच्यासमोर नियमांचा कागद ठेवला. त्यात घड्याळ होतं, दगड होता, मेंटल नव्हती. आणि ही चूक संस्थेत कुणी पकडली नाही, ती या माणसानं पकडली, असंही ती म्हणाली. कोंडीरामभाऊ राहिले. सभेतलं तिचं नाव तिनं स्वतः काढून घेतलं.

ती घरी आली. जेवली, झोपली, दोन दिवस झोपूनच होती. मी रोज तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते. डबा कुणाचा होता ते मी सांगितलं नाही. दिवाळीला सांगितलं. ती करंजीचं सारण ढवळत होती.

"मला माहीत होतं, आई," ती म्हणाली. "डब्यावर तुझ्या अक्षरात लिहिलं आहे: सुमेधासाठी, दिवा विझू देऊ नये."

मग कोंडीरामभाऊ स्वतःचा का म्हणाले, मी विचारलं. तिलाही ते ठाऊक नव्हतं. तिनं त्यांना तसं विचारलंही नव्हतं.

बोगद्यातली फळी ऑगस्टातल्या त्याच आठवड्यात निघाली होती. आता चहाचा डबासुद्धा आत जात नाही. तेव्हापासून आकडा जवळजवळ एकाच रेषेत आहे, जून असो की डिसेंबर. सुमेधा त्यावरच प्रबंध लिहिते आहे. इतक्या काळात, इतक्या बारकाईनं पाहून काही सापडलं नाही, असं त्यात लिहावं लागेल, हे तिनं कोंडीरामभाऊंना जरा ओशाळून सांगितलं. त्यांना त्यात ओशाळण्यासारखं काही दिसलं नाही.

"मी एकतीस वर्स तेच लिवलं की," ते म्हणाले. "रूळ ठीक हाय."

या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आमच्या दारात पोतं घेऊन उभे राहिले. आत सोनुबाईचं बी, रेशनकार्डं, पापड, उतारे, आणि ऑगस्टात बाहेर काढलेला तो डबा. त्यांनी विचारलं काहीच नाही. स्वयंपाकघरात गेले, स्टोव्हच्या वरच्या, उबेनं कोरड्या राहणाऱ्या फळीवरची माझी भांडी उतरवली आणि गाठोडी नावानिशी मांडली. बोगद्यात आता जागा नाही, आणि ती का नाही हे आम्हा दोघांना माहीत आहे.

दर शनिवारी ते बघायला येतात. सोनुबाई दोनदा स्वतः येऊन बी चाचपून गेली. गेल्या खेपेला कोंडीरामभाऊंनी भिंतीवर बोटं टेकवली, वास घेतला आणि म्हणाले, "बाई, उजव्या अंगाला ओल धरते." मग स्टुलावर चढून त्यांनी बियाचं गाठोडं डावीकडे सरकवलं आणि उजवीकडे, ओलीच्या बाजूला, माझा मेंटलचा डबा ठेवला.