पाइपला लावलेला कान

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्याच्यासोबत रोज सकाळी चहा पितो त्या दोस्ताजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक. मधेच अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझं काम परांची तपासायचं. इमारतीला रंग द्यायचा, गिलावा करायचा, तर बाहेरून लोखंडी पाइप उभे करून त्यावर फळ्या टाकतात ना — ती परांची. माणसं चढण्याआधी ती धड आहे की नाही हे बघणारा मी. सेलू, पाथरी, वालूर, जिथं काम निघेल तिथं मोटरसायकलवर जातो. खिशात कार्ड आहे, डोक्यावर पांढरं हेल्मेट आहे. आणि मला उंचीची भीती वाटते.

हसलात? हसा. मलाही हसू येतं कधीकधी. शिडीच्या दोन-चार पायऱ्या चढलो की तळहाताला घाम फुटतो, जमीन हळूच हलायला लागते, पाय आपले राहत नाहीत. मग हे काम धरलं कशाला? तर शिकून घरी बसलो होतो, आणि ज्या प्रशिक्षणात कार्ड मिळालं ते एका थंडगार हॉलमध्ये झालं. परांची पडद्यावर दाखवली. दोन पाइप जोडणारा क्लॅम्प कसा आवळायचा, फळी दोन्ही टोकांना तारेनं कशी बांधायची, कठडा कुठवर हवा — सगळं खुर्चीत बसून शिकलो. परीक्षेत पहिला आलो, काय सांगू! वर चढून दाखव, असं कुणी म्हणालंच नाही.

मग सेलूला एका जिनिंगच्या नव्या शेडवर गेलो. दुपारची वेळ. शेजारच्या जुन्या शेडमधून कापसाची पिंज उडत होती, उन्हात तरंगत होती, कुठं खाली बसायचं तिला ठाऊक नसल्यासारखी. गवंडी, बिगारी सावलीत बसून माझ्याकडं बघत होते. साहेब चढले की आपण चढायचं. मी शिडीला हात लावला, पण पाय उचलेना. हातात पाना होता. लाज झाकायची म्हणून पाइपवर टकटक केलं. पाइप गुणगुणला. आणि का कोण जाणे — मी त्याला कान लावला, डोळे मिटले.

खरं सांगू? फार गोड आवाज होता तो. लांबून यायचा, कानात रेंगाळायचा. ऊन, पिंज, बघणारी माणसं, सगळं विरून गेलं. डोळे उघडले तर सगळे चिडीचूप. कुणीतरी विचारलं, "काय ऐकायलात साहेब?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, क्लॅम्प ढिला असला की आवाज फुटतो, वर डावीकडं बघा. एक जण सरसर वर गेला, आणि खरंच एक क्लॅम्प ढिला निघाला. अहो, कुठल्याही परांचीवर एखादा ढिला असतोच! पण झालं. साहेबाचा कान लय तिखट हाय, ही बातमी पुढच्या साइटवर माझ्या आधी पोचली.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी फुगलो. पुढं पुढं तर मी पाना काढला की लोक मिक्सर बंद करायचे, बोलणाऱ्याला गप्प करायचे. कुणी खोकलासुद्धा दाबून धरायचं. मी कान लावायचो, डोळे मिटायचो, आणि त्या गुणगुणीत झोपेत उतरल्यासारखा उतरायचो. त्यातून मला काही कळत होतं का? काही नाही. कधीच काही कळलं नाही.

निवृत्ती रंगारी होता, वालूरकडचा. वर चढला की स्वतःशीच काहीतरी गुणगुणायचा, दिवसभर. मला चिडवायचा पण लय. "साहेब, आज काय म्हनायलाय तुमचा पाइप?" म्हणायचा, आणि उत्तराची वाट न बघता बादली घेऊन वर.

त्या दिवशी गावच्या पाण्याच्या टाकीला रंग होता. मी ठोकलं, ऐकलं, चढा म्हणालो. खाली उभा राहून चहा पीत होतो. वरून निवृत्तीची गुणगुण येत होती, इतकी संथ की मला पेंग यायला लागली. मग ती थांबली.

फळी आधी पडली की तो आधी पडला, मला आजही सांगता येत नाही. तो वाळूच्या ढिगावर पडला म्हणून वाचला, कंबर मात्र मोडली. सगळे त्याच्याकडं धावले. आणि मी — हेच सांगायचं होतं, इथंच घोडं अडत होतं — मी फळीकडं धावलो. तिच्या दोन्ही टोकांना तारेचा मागमूस नव्हता. कुणी बांधलीच नव्हती ती. वर एकदा गेलो असतो तर लगेच दिसलं असतं, त्याला कसला कान लागतो? मी ती उचलली, भिंतीशी रचलेल्या फळ्यांत सरकवली. मग निवृत्तीकडं गेलो.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दुखण्यानं ओठ पांढरे पडले होते, तरी बोलला. "तुमचा काय दोष न्हाई साहेब. तुमी ठोकून बघितलं हुतं, फळी पक्कीच हुती. माजाच पाय चुकला." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, असू दे निवृत्ती, होतं असं कधी. म्हणजे मी त्याला माफ केलं. मी, त्याला!

आता तो लंगडत चालतो. घरासमोर बसून कुणाच्या खुर्च्या, कुणाचे पलंग रंगवतो. गुणगुणणं सोडलंय त्यानं. त्या नादात पाय चुकला असं त्याला वाटतं, त्याच्या बायकोलाही वाटतं, ती तसं चारचौघांत म्हणते आणि तो मान खाली घालून ऐकतो. मी समोर बसलेलो असतो, हातात त्यांच्याच घरचा चहा असतो. कधी पहाटे अर्धवट झोपेत पाइपचा आवाज येतो, आणि ऐकता ऐकता ती त्याची गुणगुण होते. जाग यावी असं वाटत नाही. लाज वाटते, पण हेही खरंच आहे.

यंदा त्याच्या लेकीचं लग्न झालं. दारात मांडव, आणि नवरा-नवरीसाठी पाइप आणि फळ्यांचं स्टेज. मी पोचलो तर निवृत्ती पाना घेऊनच उभा. पाहुण्यांना म्हणाला, "थांबा जरा. आदी साहेबाला ऐकू द्या." बँडवाले थांबले, पोरांना दटावलं, सगळा मांडव गप्प झाला.

स्टेज कमरेएवढं होतं. तिथं कसली भीती? वाकून एकेक फळी बघता आली असती, तार आहे की नाही ते हातानं चाचपता आलं असतं. निवृत्तीला बाजूला घेता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. तो माझ्यासमोर श्वास रोखून उभा होता.

मी पाइपवर पाना ठोकला. कान लावला. डोळे मिटले. आत तोच आवाज होता, तसाच गोड.

पक्कं आहे, म्हणालो.

निवृत्तीनं मला हात जोडले. मग लेकीचा हात धरून तिला फळीशी आणलं आणि म्हणाला, "चढ बाई. आता भ्याव न्हाई."

ती चढली.