शेरेमामा आणि पंखवाल्याचा दुसरा भाग

शेरेमामा सिनेमाला जाताना खिशात लाल शाईचं पेन नेत. टॉकीजमध्ये अंधार असतो, लिहिता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण पेनाशिवाय तपासणीला जायची त्यांना सवय नव्हती. नोकरीभर त्यांनी माळव्यातल्या शाळा तपासल्या. निवृत्त होऊन उज्जैनला स्थायिक झाल्यावर तपासण्याजोगं एकच उरलं होतं, ते म्हणजे फ्रीगंजच्या टॉकीजला दर शुक्रवारी लागणारं नवं पिक्चर.

मुलांनो, हे तुमच्या आजोबांचे सख्खे मामा. आमच्या शेजारच्याच घरात राहत. प्रत्येक सिनेमाला शेरा देत, म्हणून सगळी कॉलनी त्यांना शेरेमामा म्हणे. त्यांनी पास केल्याशिवाय आमच्या मराठी घरांतून कोणी पिक्चरला जात नसे. एका मारामारीच्या सिनेमाला त्यांचा शेरा होता, ‘नायकाची घरी उपस्थिती अनियमित.’ एका प्रेमाच्या सिनेमाला, ‘मुलीचे वडील कारखानदार म्हणवतात. कारखाना दाखवलेला नाही.’ हे ते ओसरीवर उभं राहून, हात मागे बांधून सांगत. बायका ऐकून घेत आणि आपापसात रविवारचा बेत ठरवत किंवा मोडत.

मामा इंटरव्हलला उठून घरी येत. “अर्धा पेपर तपासला की पोरगा कळतो,” असं त्यांचं म्हणणं. आणि एकदा तपासलेला पेपर ते पुन्हा हातात घेत नसत. त्यामुळे सिनेमा पास झाला, तरी तो पाहायला मामी शेजारणींबरोबर जात. दर शुक्रवारी मामा चपला घालू लागले की मामी विचारत, “मी पण येऊ का?” मामा म्हणत, “आधी मला बघू दे.” लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि नवराबायकोंनी एकही सिनेमा शेजारी बसून पाहिलेला नव्हता.

मामींना याचं वाईट वाटत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एकदा आमच्याकडे गहू निवडता निवडता त्याच बोलल्या. “एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहायचाय गं. पूर्ण. शेवटी सगळे उठून उभे राहतात ना, तिथपर्यंत.” मग पुन्हा खडे वेचू लागल्या.

त्या वर्षांत परदेशी शीतपेयं आली, परदेशी बिस्किटं आली, आणि टॉकीजच्या पडद्यावर परदेशी माणसं खणखणीत हिंदी बोलू लागली. अशाच एका सिनेमाचा दुसरा भाग आला. त्यातला नायक दिवसा घड्याळं दुरुस्त करी आणि शहरावर संकट आलं की पाठीला निळे पंख फुटून उडे. पहिला भाग आमच्या मुलांनी तुमच्या आजोबांबरोबर पाहिला होता. तुमची आई शुभा तेव्हा अकरा वर्षांची. तिने मामांच्या मागे भुणभुण लावली.

“दुसरा भाग?” मामा म्हणाले. “पहिल्याचं काय झालं?”

“तो येऊन गेला, मामा. तुम्ही तेव्हा भोपाळला होतात, डोळे दाखवायला.”

“मग तपासता येणार नाही. पहिलीचा निकाल बघितल्याशिवाय मी कोणाला दुसरीत बसवत नाही.”

“मी सांगते ना स्टोरी!”

“मुलांची साक्ष चालत नाही.”

तुमचे आजोबा बँकेच्या बदलीवर रतलामला होते, त्यामुळे त्यांची साक्ष होण्यासारखी नव्हती. तेवढ्यात मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मी पाहिलाय पहिला,” त्या म्हणाल्या. “मुलांबरोबर गेले होते.”

मामी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या आमच्याकडेच होत्या. ते गहू त्याच दिवशीचे. शुभाने तोंड उघडलं. मी तिला पाणी आणायला पाठवलं. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करत असे, पण हे काही शाळेचे तास नव्हते.

“असं?” मामा म्हणाले. “मग तू चल. शेजारी बसून मागचं सांगत जा.”

मामींनी गुडघ्याचं कारण काढून, पायऱ्यांवर हात धरायला म्हणून मलाही बरोबर घेतलं. त्यांनी ठेवणीतली माहेश्वरी नेसली होती. टॉकीजमध्ये मामा, मामी आणि मी असे बसलो. सिनेमा सुरू झाला आणि मामांची चौकशीही.

“ही कोण?”

“त्याची मावसबहीण,” मामी म्हणाल्या.

थोड्या वेळाने नायकाने मावसबहिणीचं चुंबन घेतलं. मामांनी मान वळवून मामींकडे पाहिलं.

“दूरची,” मामी म्हणाल्या.

“याला उडता येतं. मग हा जिन्याने का चाललाय?”

“पहिल्या भागात याचा पंख दुखावला होता ना, तेव्हापासून जपतो.”

मागच्या रांगेतून एक जण पुढे वाकला. मला वाटलं, आता ओरडणार. तो म्हणाला, “माताजी, जरा ज़ोर से बताओ. पहला पार्ट हमने भी नहीं देखा.”

मामींनी आवाज चढवला. इंटरव्हलपर्यंत आमच्या मागच्या दोन रांगांना नायकाची सावत्र आई, गहाण पडलेलं दुकान आणि मोडलेली सोयरीक, सगळं नीट कळलं होतं. यातलं पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण तक्रार कोणी केली नाही.

दिवे लागले. मामा सवयीप्रमाणे उठले. मामी पडद्याकडेच बघत होत्या. मांडीवरच्या रुमालाला त्यांनी इतका पीळ घातला होता की मी नजर दुसरीकडे वळवली.

“जा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आता तो म्हातारा येईल, पण असू द्या.”

“कोण म्हातारा?”

“याला पंख देणारा. पहिल्या भागात त्याने याच्याकडून एक वचन घेतलं होतं. ते मागायला येणार आहे.”

“काय वचन?”

“ते आत्ताच कसं सांगू? पूर्ण पाहणाऱ्यांनाच कळायचं ते.”

मामा उभेच राहिले. दाराकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि खाली बसले.

म्हातारा अर्थातच आला नाही. शहर वाचलं, खलनायक दरीत पडला, लोक शिट्ट्या मारत उठले. मामा म्हाताऱ्याची वाट पाहत बसून राहिले, आणि मामी त्यांच्या शेजारी. हॉल रिकामा होऊन झाडूवाला आला तेव्हा मामी म्हणाल्या, “चला.” पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवरून शेरा झाला. “दुसरा भाग पहिल्याशी विसंगत. वचनाचा निकाल लावलेला नाही. नात्यांचं भान नाही. नापास.” शुभा रडली. पुढच्या रविवारी मी तिला गुपचूप नेऊन आणलं. तिने मला विचारलं, यात विसंगत काय होतं? मी म्हटलं, मोठी झालीस की सांगेन. आज ती हे वाचेल, म्हणजे सांगितलं असं झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी मामी गेल्या. चार दिवस ताप होता, एवढंच. मामांनी शुक्रवारी टॉकीजला जाणं सोडलं. कॉलनीतही कोणी शेरा विचारेना. घरोघर केबल आली होती, आणि पिक्चर आता न विचारताच घरात येत होते.

आम्ही तेव्हा व्हीसीआर घेतला होता. एका दुपारी शुभा पंखवाल्याच्या पहिल्या भागाची कॅसेट घेऊन आली. मामा आमच्याकडे पोहे खायला आले होते, ते तिथेच बसले. कॅसेटला इंटरव्हल नसतो. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. शुभा उठून गेल्यावर म्हणाले, “यात म्हातारा नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

“सावत्र आई नाही. दुकानही गहाण नाही.”

“नाही.”

“म्हणजे तिने हा पाहिलाच नव्हता. मग मला तिथे एवढा वेळ बसवलं कशाला?”

“त्यांना तुमच्या शेजारी बसून एक पिक्चर पूर्ण पाहायचं होतं, मामा.”

“मग तसं सांगायचं ना. मी काय नाही म्हटलं असतं?”

“दर शुक्रवारी विचारायच्या त्या. तुम्ही म्हणायचात, आधी मला बघू दे.”

मी बशा उचलल्या, चहा टाकला, आणून त्यांच्यापुढे ठेवला. चहावर साय धरेपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही.

मग घसा साफ करून, शाळा तपासून झाल्यावर बोलत असतील त्याच आवाजात ते म्हणाले, “सूनबाई, तिचा पहिला भाग जास्त चांगला होता.”