दोन राज्यांचं ऊन

ताईचं सासर उंबरगावला. घोलवडच्या आमच्या चिकूवाडीपासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, पण मध्ये राज्याची हद्द पडते; आम्ही महाराष्ट्रात, ती गुजरातेत. बाबांनी गच्चीवर सोलर बसवलं आणि ते बघून ताईच्या सासऱ्यांनीही बसवलं. तेव्हापासून दोघा व्याह्यांना भेटल्यावर दुसरा विषयच राहिला नाही. घरात वापरून उरलेली वीज कुणाचं राज्य बऱ्या बोलीने विकत घेतं, एवढाच.

त्यांच्याकडे उरलेल्या युनिटांचा निकाल दर बिलाला लागायचा. आमच्याकडे युनिटं साठत जातात आणि मार्चअखेर जी उरतील ती कंपनी विकत घेते. बाबा हे मुदत ठेवीसारखं मोठ्या अभिमानाने सांगायचे. त्यावर व्याही म्हणायचे, "वर्षभर कोण थांबणार? आपला चिकू उतरला की ट्रकमध्ये चढतो ना?"

मग जास्त वीज कोण उरवतो यावर चढाओढ लागली. बाबांनी दिवसा पंखे बंद केले. मिक्सरवर तर त्यांची नजरच असायची. आई पाट्यावर चटणी वाटू लागली आणि वाटता वाटता जे बोलायची ते बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे. उंबरगावलाही हेच चाललंय, असं ताई फोनवर सांगायची.

मे महिन्यात एका रविवारी व्याही आणि विहीणबाई जेवायला आले. जेवणं झाल्यावर दोघे पुरुष बंद पंख्याखाली घाम पुसत आपापली बिलं पुढ्यात घेऊन बसले. बराच वेळ वाद ऐकून विहीणबाईंनी दोन्ही बिलं मागून घेतली, चष्मा लावला आणि विचारलं, "आपण वीज घेतो तो भाव हा, आणि आपल्याकडून घेतात तो हा?"

दोघांनी माना डोलावल्या.

"म्हणजे दोन्हीकडे महाग वस्तू स्वस्तात विकायची आणि वर उकाड्यात बसायचं."

आईने उठून पंखा पाचवर केला. बिलं उडाली, ती गोळा करायला दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

पुढच्या वेळी आम्ही उंबरगावला गेलो, तर व्याह्यांनी दिवाणखान्यात एसी लावला होता आणि भरदुपारी तो जोरात चालू होता. ताईने बाबांना शाल आणून दिली. बाबांनी ती मुकाट्याने पांघरली आणि परतताना रिक्षात मला हळूच विचारलं, गुजरातेत एसी स्वस्त मिळतो का.