जमावबंदीतली मुशी

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. मी, गिरणीत कारकून असलेले आमचे हे, आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या आणि तेव्हापासून मामंजींनी बोलणंच सोडलं होतं. ताट ठेवलं की जेवायचे, मग गॅलरीच्या कठड्याशी बसायचे. काही विचारलं तर नुसती मान हलायची. तेव्हा सगळी मुंबई संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा फोडत होती, आणि आमच्या घरातला एक घसा मात्र कोरा करकरीत. नव्या सुनेला असा अबोला किती खायला उठतो, ते मलाच ठाऊक.

एकदा सकाळी कोळणीने दारात टोपली उतरवली. ओल्या गोणपाटाखाली हातभर लांबीची, पट्ट्यापट्ट्यांची, शार्कच्या जातीतली मुशी होती आणि तिचे कल्ले चक्क हलत होते. "जिती हाय बघ," कोळीण म्हणाली. मी विळी पुढे ओढली.

"मारू नको गे तिका," मागून कुणीतरी म्हणालं.

मामंजींचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. विळी आडवी केली आणि मुशी तशीच ठेवून घेतली. एवढ्या माणसाने एवढंसं मागितलं, त्याला नाही कशी म्हणणार?

यांनी रे रोडच्या वखारीतून अर्धं कापलेलं लाकडी पिंप आणलं. रोज गिरणीत जाण्याआधी बंदरावरून दोन डबे खारं पाणी आणायचं हे कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. कुरकुरत आणायचे, पण आणायचे.

घरमालकाचा मेहता भाडं मागायला आला आणि पिंप बघून बिथरलाच. जिन्याखाली पाटी होती, चाळीत जनावरे पाळण्यास मनाई आहे. आमच्या शेजारचे काका वकिलाकडे कारकुनी करायचे, म्हणजे स्वतःला अर्धे वकील समजायचे. ते बनियनवरच धावून आले.

"मासळी जनावरांत धरायची ठरली, तर या चाळीतल्या निम्म्या चुली बंद कराव्या लागतील," ते म्हणाले. "मेलेली मुशी चालते आणि जिवंत चालत नाही, असा कायदा दाखवा मला!"

मेहत्याला तो कुठून दाखवता येणार? म्युनिसिपालटीचे नियम गाईम्हशींचे, कुत्र्यांचे. घरात मुशी पाळणारं कुणी निघेल, हे कुठल्याच साहेबाच्या डोक्यात आलं नव्हतं. मालकाला विचारून येतो म्हणत तो पिंपात वाकला आणि बराच वेळ भाडं विसरून तिथेच उभा राहिला.

मग करी रोडपासून माणसं मुशी बघायला येऊ लागली, आणि खरा कायदा आडवा आला. नायगावच्या पोलीस लायनीत राहणारा, आमच्याच मुलखातला एक हवालदार जिना चढून वर आला आणि मामंजींना म्हणाला,

"जमावबंदी आसा, काकानू. पाच माणसा एका जाग्यार दिसली तर माका गप ऱ्हवाक येवचा नाय."

त्यावर मामंजींनी आपणहून पहारा घेतला. दारात बसून ते माणसं आत सोडायचे. "चौघा झाली. तुमी जिन्यात थांबा." आत आलेल्यांना सांगायचे, ती दिवसा निजते, पाण्यात हात घालू नका. हळूहळू गावच्या खडकांतल्या मुशींच्या गोष्टी निघाल्या, मग गावाच्या, आणि एकदा सासूबाईंच्याही. आत मी भाकरी मुद्दाम सावकाश थापत असे.

आणि संचारबंदी लागली. बंदरावर जाणं बंद. पिंपातलं पाणी वास मारू लागलं, तेव्हा गॅलरीतल्या बायकांनी मुठीमुठीने खडेमीठ आणलं आणि नळाचं पाणी खारट करायला घेतलं. बोट बुडवून चाखायचं आणि वर आणखी चिमूट टाकायची.

"आमटी करतात काय गे?" मामंजी कळवळून म्हणाले.

त्या पाण्यात मुशी कुशीवर कलंडली. दुसऱ्या दिवशी दूध आणण्यापुरती संचारबंदी उठली. बायका चरव्या घेऊन धावल्या आणि आम्ही तिघं मुशी बालदीत घालून बंदराकडे निघालो. मुशीची मला काळजी नव्हती, खोटं कशाला बोलू? ती गेली की मामंजी पुन्हा मुके होतील, हीच धास्ती होती.

मामंजी गुडघाभर पाण्यात उतरले. दोन्ही हातांवर तिला धरून किती तरी वेळ उभे होते. तिने एकदा शेपूट हलवलं, दोनदा हलवलं आणि गेली. परतताना ते एक अक्षर बोलले नाहीत. घरी येऊन कठड्याशी बसले, अगदी पूर्वीसारखे. मी आत जाऊन पिंप उपडं केलं आणि पदर तोंडात कोंबून रडले.

"गे बाय," बाहेरून हाक आली.

मी डोळे पुसून दारात गेले. ते जिन्याकडे बघत होते.

"उद्या कोण इलो तर मुशी गेली म्हणान सांग. पण परत धाडू नको. बसव त्यांका. मी आसय."