ठिपकेवाल्याचं हसू

गल्लीत त्याला ठिपकेवाला म्हणत. निवडणुकीचे अंदाज बांधणाऱ्या कंपनीत तो गणिती होता, आणि त्याच्या पडद्यावर प्रत्येक मतदार म्हणजे एक ठिपका. ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे माणसांचं एकमेकांशी बोलणं. एकाचं मत हललं की धक्का रेषेवरून पुढे जाई आणि बघता बघता अख्खा कोपरा रंग बदले. काही ठिपके मात्र ढिम्म हलत नसत. त्यांना तो 'हट्टी' म्हणे. आपली ताई त्यातलीच, असं कौतुकाने सांगे.

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. तिच्याच घरात, गॅलरीला काचा लावून केलेल्या खोलीत तो अजून राहत होता. ताई सरकारी दवाखान्यात नर्स. तिथली बाळंतपणाची खोली बंद करायचं घाटत होतं, म्हणून यंदा नोकरी सोडून ती वॉर्डातून निवडणुकीला उभी राहिली. आणि ठिपकेवाला पेचात पडला.

आकडा बाहेर बोलायचा नाही, घरीसुद्धा नाही, हा कंपनीचा नियम. एरवी कोणी विचारलं की "ज्याला जास्त मतं पडतील तो येणार" म्हणून तो सटकायचा. आता इस्त्रीवाला त्याचा शर्ट हातात धरून थांबे. "साहेब, ताईंचं काय?" शर्ट काही सुटत नसे.

पडद्यावर ताई थोडक्या मतांनी हरत होती. ते बघताना एका दुपारी त्याच्या लक्षात आलं की या वॉर्डात एक ठिपका कमी आहे. स्वतःलाच मांडायला तो विसरला होता. त्याने आपला ठिपका टाकला, ताईला, दाजींना, इस्त्रीवाल्याला जोडला आणि अंदाजाचं सगळं मॉडेल पुन्हा चालवलं. त्या ठिपक्याने 'जिंकतेस' म्हटलं तर तिची माणसं सैलावत होती. 'हरतेस' म्हटलं तर घरी बसत होती. गप्प राहणं सगळ्यात वाईट. गप्प ठिपक्याभोवती जो तो आपला अर्थ काढी, आणि तो अर्थ कधीच बरा नसे. तो तर महिनाभर गप्प होता.

संध्याकाळी जेवताना ताईने सरळ विचारलं, "माझं काय दिसतंय रे?"

त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावून रिकामा केला.

"झालं," ताई म्हणाली. "नापास झालास की असाच घटाघट पाणी प्यायचास."

दाजी ताटातून मान वर न काढता म्हणाले, "अगं, तहान लागली असेल त्याला."

"लागू दे." ती उठली, हात धुतले, चपला घातल्या. "तू सांगू नकोस. तुझी नोकरी मला घालवायची नाही. नुसता माझ्याबरोबर चल. आणि हसत राहा."

"ताई, ते खोटं होईल."

"भावाने बहिणीकडे बघून हसणं खोटं कसं? मीच तर शिकवलंय तुला हसायला."

त्यानेही उठून चपला शोधल्या.

दारोदार ती बोलायची आणि तो मागे उभा राहून हसायचा. लोक तिचं ऐकत, पण बघत त्याच्याकडे. पुढचं दार उघडायच्या आत बातमी तिथे पोचलेली असे: ठिपकेवाला हसतोय. 'जिंकते' नाही, 'हरते' नाही, नुसतं हसू.

नव्या पाहणीत ताईचा कोपरा उजळला. कंपनीतले साहेब पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले. "इथे काय घडलं? सभा झाली? कोणी बडं माणूस येऊन गेलं?"

"कल्पना नाही, सर."

"तुझाच वॉर्ड ना हा? मग शोध. कारण सापडल्याशिवाय आकडा मी पुढे पाठवणार नाही."

कारण पडद्यावरच होतं, इस्त्रीवाल्याच्या शेजारी: त्याचा स्वतःचा ठिपका. त्याने तो निवडला आणि पुसून टाकला. कोपरा लगेच विझला. साहेब अजून मागेच बसलेले. त्याने ठिपका परत ठेवला.

त्या संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा ताई चपला घालून जिन्यापाशी उभी होती. दमली होती, पण डोळ्यांत आशा होती, आणि ती आशा त्याच्याच चेहऱ्यावरून तिच्याकडे गेली होती. आता हसू उतरवलं तर पहिला धक्का तिलाच बसणार होता.

"आज मागची गल्ली," ती म्हणाली.

खाली इस्त्रीवाल्याने निखारे सारखे करता करता वर पाहिलं. "आजही हसताय साहेब. म्हणजे पक्कं समजू ना?"

ठिपकेवाल्याने मान हलवली नाही. हसू मात्र होतं तिथेच धरून ठेवलं आणि तो ताईच्या मागे चालू लागला.