लोणच्याच्या बरणीतलं पाणी

"काका, आबा गेले," सुनीता फोनवर म्हणाली, आणि जरा थांबून, "ती बरनी तुमाला द्याला सांगितलीय." सासऱ्याच्या मरणाच्या बातमीला जोडून बरणीचा निरोप... दुसऱ्या कुणाला विचित्र वाटलं असतं. मला रडू आलं.

नवीन पनवेलच्या पलीकडे, आमच्या सोसायटीच्या वरच्या अंगाला एक मातीचं धरण आहे. धरण कसलं, डोंगरावरून लोटणारं पाणी थोपवून ओढ्यात बेताबेताने सोडणारा मोठासा बांध. खाली काशिनाथआबांचं गाव, गावाला लागून आमच्या इमारती. निवृत्तीनंतर तिकडे फिरायला जाऊ लागलो, तेव्हा आबा रोज बांधाच्या पायथ्याशी अनवाणी चालताना दिसत. मध्येच थांबत, उकिडवे बसून लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत पाणी धरत आणि उजेडाकडे करून बघत राहत. भोचकपणा माझ्या अंगातच आहे. चौथ्या दिवशी विचारलंच, "धरण गळतंय का?"

"मातीचा हाय, पाझरनारच. पानी नितळ हाय तवर काय नाय. गढूळ आला का समजाचा, आतली माती निंगाली." ओल कुठे आहे ते तळव्यांना आधी कळतं, म्हणून पायात काही नाही. या कामावर तुम्हाला नेमलं कुणी, हेही मी विचारून घेतलं. "खाली आमीच निजतो," ते म्हणाले. "तुमी पन."

एवढं ऐकूनही पुढच्या पावसाळ्यात मी सोसायटीतर्फे त्याच बांधावर वृक्षारोपण केलं. वड, पिंपळ, जांभूळ... बॅनर, फोटो, सगळं साग्रसंगीत. आठवड्याने पाहतो तर एकही रोप जागेवर नाही, खड्डे बुजवून चोपून काढलेले. मी तणतणत आबांच्या अंगणात गेलो आणि सुनीतासमोर त्यांना अडाणी म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "मूळ कुजला का भोक ऱ्हातो. पानी भोकच शोधतो." मग मला परसात घेऊन गेले. आमची सगळी रोपं तिथे ओळीने लावलेली, नुकतंच पाणी घातलेली. "झाडांनी काय गुन्हा केलाय?" मला तेव्हाच माफी मागायला हवी होती. नंतर मागू, नंतर मागू करत राहिलो. रोज त्यांच्यासोबत चाललो, सगळं विचारलं, तेवढं मात्र तोंडातून निघालं नाही. "बूट काढा," ते म्हणत. मी हसण्यावारी नेई.

परवा आबांची बरणी घेऊन बांधाच्या पायथ्याशी गेलो आणि बूट काढले. अर्ध्या वाटेवर तळव्याला गार लागलं. बसलो, बरणी धरली. आबा एवढा वेळ काय बघत, हे कोडं मला नेहमी पडायचं. आता कळलं, एकदा बघून खात्री होत नाही. उतारावर पिंपळाचं बोटभर रोप उगवलं होतं, ते अलगद मुळासकट काढलं, मुळं ओढ्यात धुऊन बरणीतल्याच पाण्यात ठेवलं आणि आबांच्या परसात नेलं. सुनीताने माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं, मग बरणी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"नितळ हाय," ती म्हणाली, आणि रोपासाठी खड्डा करायला बसली.